मेंटॉरिंग, कामाची वाट की सगळ्यांची मोट: तुमच्या भागासाठी काय निवडाल?

एखाद्या भागातल्या शाळा, कॉलेजं, कंपन्या आणि सामाजिक संस्था एका टेबलाभोवती बसल्या, की मुलांसाठी काहीतरी करायला हवं यावर कोणाचंच दुमत नसतं. गाडी अडते ती काय करायचं इथे. कंपनीवाले म्हणतात, पोरांना काम येत नाही. शाळावाले म्हणतात, आधी पोरं वर्गात तर टिकू देत. संस्थावाले म्हणतात, या मुलांकडे लक्ष देणारं मोठं माणूसच आसपास नाही. तिघांचंही खरं असतं. पण पैसा आणि माणसं मोजकीच असतात, आणि तिन्ही कामं एकदम अंगावर घेतली की एकही धड होत नाही.

तुम्ही एखाद्या ट्रस्टवर असाल, कंपनीचा सामाजिक निधी सांभाळत असाल किंवा माजी विद्यार्थ्यांचा गट चालवत असाल आणि अशा भागीदारीत उतरायचं ठरवलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रत्येक पद्धतीला एक अशी गोष्ट लागते, जी पैसे टाकून बाजारात मिळत नाही. ती तुमच्या भागात आहे का हे पाहावं आणि त्यावरून पद्धत ठरवावी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं: कुठेतरी गाजलेली पद्धत आधी पसंत पडते, मग तिच्यासाठी माणसं शोधत फिरावं लागतं.

सगळ्यांची मोट

पहिली पद्धत सर्वांत महत्त्वाकांक्षी. बालवाडीपासून पहिल्या नोकरीपर्यंतचा सगळा प्रवास एकच मानायचा, त्यातले ठरावीक टप्पे सगळ्यांनी मिळून मोजायचे आणि हे जुळवून आणण्यासाठी एक स्वतंत्र समन्वय संस्था ठेवायची. अमेरिकेत सिनसिनाटी आणि शेजारच्या उत्तर केंटकीत २००६ मध्ये 'स्ट्राइव्ह' नावाने हे सुरू झालं. तीनशेहून अधिक संस्थाप्रमुख त्यात आले. २०११ मध्ये जॉन कॅनिया आणि मार्क क्रेमर या सामाजिक क्षेत्रातल्या सल्लागारांनी या कामाच्या पद्धतीला 'कलेक्टिव्ह इम्पॅक्ट' असं नाव देऊन तिच्या पाच अटी मांडल्या: समान उद्दिष्ट, समान मोजमाप, एकमेकांना पूरक कामं, सतत संवाद आणि मागे उभी असलेली समन्वय संस्था. तेव्हापासून जगभर हे नाव निधीच्या अर्जांत दिसू लागलं.

त्या पाच अटींपेक्षा मला स्ट्राइव्हच्या बैठकांचं वेळापत्रक जास्त बोलकं वाटतं. तिथे संस्थांचे कामानुसार पंधरा गट केले होते आणि प्रत्येक गट दर पंधरवड्याला दोन तास बसायचा. असं तीन वर्षं चाललं. बसून काय करायचे, तर आकडे बघायचे, आपले आणि इतरांचेही. आता तुमच्या भागातल्या चार संस्थाप्रमुखांची नावं डोळ्यांसमोर आणा आणि विचारा: हे चौघं दर पंधरवड्याला, सहायकाला न पाठवता, स्वतः येतील का? आणि 'आमच्या कार्यक्रमातली निम्मी मुलं मध्येच गळाली' असं दुसऱ्यांसमोर सांगतील का?

या पद्धतीचा खरा फायदा कुठे दिसतो ते हजेरीच्या उदाहरणावरून कळेल. शाळेची सरासरी उपस्थिती ९३ टक्के असली की सगळे निवांत असतात. पण ती सरासरी आहे. बरीच मुलं रोज येतात आणि काही मुलं १८० दिवसांतले तीस-चाळीस दिवस गायब असतात, तरीही सरासरी ९३ येऊ शकते. म्हणून अनेक ठिकाणी आता वेगळा निकष लावतात: ज्याचे दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडाले, म्हणजे १८० पैकी १८, त्याचं नाव वेगळ्या यादीत. ही यादी शाळेकडे असते. मूल का येत नाही हे वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला माहीत असतं. बसची वेळ बदलणं परिवहनवाल्यांच्या हातात असतं. हे तिघं एरवी एकमेकांना भेटतच नाहीत. मोट बांधलेली असेल, तर भेटतात.

आता दुसरी बाजू. २०११ च्या मांडणीत सांगितलं होतं, की स्ट्राइव्ह मोजत असलेल्या ५३ निर्देशांकांपैकी ३४ सुधारले. ऐकायला छान वाटतं. पण ही भागीदारी नसती तर त्यातले किती सुधारले असते, हे नुसत्या आलेखावरून कळत नाही. कार्यक्रमाचा परिणाम नेमका कळायला चिठ्ठी टाकून दोन गट करावे लागतात, एकाला कार्यक्रम द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि मग तुलना करायची. अख्ख्या शहराला असं विभागता येत नाही, त्यामुळे पुरावा इतर पद्धतींपेक्षा विरळच राहतो. आणखी एक आक्षेप वारंवार घेतला जातो आणि मला तो पटतो: टेबलाभोवती प्रमुख मंडळी बसतात, पालक आणि मुलं अनेकदा नसतात. समन्वयकाचा पगार कोण देणार, हा प्रश्नही आहेच. देणगीदारांना दप्तरं वाटतानाचा फोटो हवा असतो, एक्सेल शीट भरणाऱ्याचा पगार नको असतो.

एकाला एक

मेंटॉरिंग, म्हणजे एका मुलाला एक मोठं, अनुभवी माणूस जोडून देणं, हा सगळ्यांत लोकप्रिय पर्याय, आणि सगळ्यांत जास्त निष्काळजीपणाने राबवला जाणारासुद्धा.

याचा पुरावा मात्र भक्कम आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या १९०४ पासून चालत आलेल्या अमेरिकी उपक्रमाचा १९९५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. १० ते १६ वयोगटातली ९५९ मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकाला लगेच मेंटॉर आणि दुसरा दीड वर्ष प्रतीक्षा यादीत. मेंटॉर मिळालेल्या गटात शाळेला दांडी मारण्याचे दिवस जवळपास निम्म्याने कमी झाले आणि अमली पदार्थांना पहिल्यांदा हात लावण्याचं प्रमाणही तितकंच घटलं. पण या जोड्या भेटत किती होत्या तेही बघा: महिन्यातून साधारण तीनदा, दर वेळी तीन-चार तास, आणि सरासरी जवळपास वर्षभर. मागे जोडी लावणारे, दोघांशी अधूनमधून बोलून अडचणी सोडवणारे पगारी कर्मचारी होते.

याच आकडेवारीचा पुढे जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधकांनी २००२ मध्ये पुन्हा अभ्यास केला. वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या जोड्यांत फायदा सर्वाधिक होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा आत्मसन्मान मात्र खाली गेला. म्हणजे अर्धवट मेंटॉरिंगपेक्षा काहीच न केलेलं बरं. आधीच बरीच माणसं सोडून गेलेल्या मुलाच्या आयुष्यात आपण आणखी एकाची भर घालतो, हे कंपनीच्या 'स्वयंसेवा सप्ताहा'च्या उत्साहात कोणाला आठवत नाही.

शाळेतच, शाळेच्या वेळात तासाभराचं मेंटॉरिंग सोपं पडतं, म्हणून बहुतेक भागीदाऱ्या तिकडे वळतात. त्याच संस्थेच्या शाळेतल्या कार्यक्रमाचा २००७ चा अभ्यास सांगतो, की पहिल्या वर्षी अभ्यासात थोडी सुधारणा झाली, पण दुसऱ्या वर्षी ती फारशी टिकली नाही. एक कारण साधं होतं: सुट्टीनंतर अनेक जोड्या पुन्हा जुळल्याच नाहीत. अमेरिकी शिक्षण खात्याच्या शालेय मेंटॉरिंग अनुदानाचं २००९ मध्ये मूल्यमापन झालं, त्यात तर सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला.

मग स्वयंसेवक वर्षभर टिकणार नसतील तर हा पर्याय बादच का? एक मधली वाट आहे: मेंटॉरकडून आयुष्य बदलण्याची अपेक्षा न ठेवता त्याला छोटं, ठरावीक काम द्यायचं. टेनेसी राज्यात नॉक्स काउंटीतल्या स्थानिक लोकांनी २००८ मध्ये सुरू केलेला उपक्रम पुढे राज्यभर गेला आणि कम्युनिटी कॉलेजची (म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजची) फी भरणाऱ्या २०१४ च्या 'टेनेसी प्रॉमिस' कायद्यामागची प्रेरणा ठरला. तिथे शाळा संपवून कम्युनिटी कॉलेजला जाणाऱ्या मुलाला स्वयंसेवक मेंटॉर मिळतो. त्याचं काम म्हणजे फॉर्मची शेवटची तारीख आठवून देणं, शुल्कमदतीचा अर्ज भरला का हे विचारणं, कॉलेजातून आलेलं पत्र समजावून सांगणं. महिन्याला तासाभराचं काम. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजला जातंय, त्या घरात एवढी आठवणसुद्धा मोलाची ठरते.

कामाची वाट

तिसऱ्या पद्धतीत शाळा किंवा कॉलेज, आणि कंपन्या, यांच्यामध्ये एक ठरलेला रस्ता आखतात, ज्याच्या शेवटी खरी नोकरी असते. एक-दोन दिवसांची कंपनीभेट किंवा करिअर मेळावा मी यात धरत नाही. मेळावा झाला की बॅनर उतरतो आणि मुलांच्या हातात माहितीपत्रकं उरतात.

यातला सौम्य प्रकार 'करिअर अकॅडमी'. १९६९ मध्ये फिलाडेल्फियात पहिली सुरू झाली. मोठ्या शाळेत दीड-दोनशे मुलांचा छोटा गट, तीन-चार वर्षं तेच शिक्षक, एका क्षेत्राभोवती अभ्यास, जोडीला स्थानिक कंपन्या. नऊ शाळांतल्या सतराशेहून अधिक मुलांचा चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाला. पदवी मिळण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण शाळा सुटल्यानंतरच्या आठ वर्षांत या मुलांची कमाई सरासरी ११ टक्के जास्त राहिली, मुलग्यांची १७ टक्के. परीक्षेच्या निकालावरून कार्यक्रम जोखणाऱ्यांनी हा कार्यक्रम तिसऱ्या वर्षीच गुंडाळला असता.

दुसरं टोक जर्मनीचं. तिथे उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले व्यवसाय शाळेत घालवतो, पगार घेतो, दोन ते साडेतीन वर्षं. १९६९ च्या कायद्याने याची चौकट आखली आहे. करार व्यापार-उद्योग मंडळाकडे नोंदवला जातो आणि शेवटची परीक्षाही मंडळच घेतं, त्यामुळे कंपनी स्वतःच्या मर्जीने अर्धवट शिकवून सोडू शकत नाही. शिकवणाऱ्या कामगारालाही प्रशिक्षक म्हणून पात्रता सिद्ध करावी लागते. आणि एक वही असते. उमेदवाराने काय काम केलं, काय शिकला ते त्यात लिहायचं आणि प्रशिक्षकाने तपासून सही करायची. वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. मुलगा सहा महिने नुसते गोदामात खोके हलवत होता का, हे त्या वहीत दिसतं. तुमच्या भागीदारीत जर्मनीचा कायदा आणता येणार नाही, पण अशी वही उद्यापासून आणता येईल.

प्रौढांसाठीचं माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं. १९९० मध्ये तिथला लिव्हाय स्ट्रॉस या कपडे बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना बंद पडला आणि सुमारे हजार लोकांचं काम गेलं. शहरात नोकऱ्या होत्या, पण रुग्णालयांत आणि तंत्रज्ञानात, आणि शिवणकाम करणाऱ्यांकडे ती कौशल्यं नव्हती. चर्च आणि वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या 'कॉप्स' आणि 'मेट्रो अलायन्स' या नागरी संघटनांनी मालकांना गाठून आधी नोकऱ्यांची वचनं घेतली, मग प्रशिक्षण आखलं. १९९२ मध्ये 'प्रोजेक्ट क्वेस्ट' सुरू झाला. शिकणं कम्युनिटी कॉलेजात. क्वेस्ट शुल्क, पुस्तकं, प्रवासाचा भार उचलतो आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर बैठक सक्तीची असते. पुढे चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासात सहाव्या वर्षी क्वेस्टच्या लोकांची वार्षिक कमाई इतरांपेक्षा सुमारे ५,००० डॉलरनी जास्त निघाली, आणि फरक नंतरही टिकला. प्रशिक्षण आधी आणि नोकरी शोधणं नंतर, असा नेहमीचा क्रम इथे उलटा होता, हे ध्यानात घ्या.

या पद्धतीचा धोकाही ठाऊक असावा. अर्थतज्ज्ञ एरिक हानुशेक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनेक देशांची आकडेवारी मांडून दाखवलं, की व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला नोकरी लवकर लागते, पण उतारवयात, तंत्रज्ञान बदलल्यावर, ते मागे पडण्याची शक्यता वाढते. एकाच कंपनीच्या एकाच यंत्रावर बेतलेला अभ्यासक्रम म्हणूनच टाळावा, कंपनीने त्याचा सगळा खर्च उचलला तरी.

फी भरण्याचं वचन

चौथा पर्याय थोडक्यात, कारण तो बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचा आहे. मिशिगनमधल्या कॅलमझूत नोव्हेंबर २००५ मध्ये निनावी देणगीदारांनी जाहीर केलं, की इथल्या सरकारी शाळांतून पास होणाऱ्या मुलांची राज्यातल्या सरकारी कॉलेजांची फी ते भरतील. बालवाडीपासून तिथेच शिकलेल्याला पूर्ण, नववीत आलेल्याला ६५ टक्के. पदवी किंवा प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांचं प्रमाण अभ्यासांनुसार सुमारे एक तृतीयांशाने वाढलं. वचन साधं आणि गुणांची अट नसलेलं होतं, म्हणून ते सहावीतल्या मुलालाही कळत होतं. पण असं वचन दिलं आणि चार वर्षांनी मागे घेतलं, तर काय होईल याचा विचार जाहीर करण्याआधी हवा.

तर मग तुमच्यासाठी काय?

तुमच्याकडे पंचवीस उत्साही स्वयंसेवक आहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला पगारी माणूस नाही, अशी स्थिती असेल तर एकाला एक मेंटॉरिंग सुरू करू नका. टेनेसीसारखं ठरावीक काम द्या: दहावी-बारावीनंतरचे फॉर्म, तारखा, फोन.

दोन-तीन कंपन्या जागांचा आकडा लेखी द्यायला तयार असतील, तर कामाच्या वाटेला लागा, आणि त्या जागांइतकीच मुलं घ्या. कंपनी 'बघू, चांगली मुलं असतील तर घेऊ' म्हणत असेल, तर ते वचन नाही. समुपदेशकाच्या पगाराची तरतूद संगणक लॅबच्या आधी करा. लॅब बहुधा कोणी ना कोणी देतंच.

मोट बांधण्याच्या फंदात सुरुवातीलाच पडू नये, असं माझं मत आहे, विशेषतः भाग लहान असेल तर. एखादी वाट दोन-तीन वर्षं चालली, शाळा आणि कंपनी एकमेकांच्या उशिरांना आणि खोट्या आशांना सरावल्या, की आकडे समोर ठेवायची भीती थोडी कमी होते, आणि मग सामायिक मोजमापाची गोष्ट काढता येते. अपवाद एकच: तुमच्या भागात गेली पाच वर्षं न बदललेला शिक्षणाधिकारी किंवा प्राचार्य असेल आणि तो स्वतःहून हजेरीची यादी टेबलावर ठेवत असेल, तर आधी त्याच्याकडे जा.

आणि कुठल्याही भागीदाराबरोबर सही करण्याआधी एवढं विचारा: तिसऱ्या महिन्यात एक मुलगी सलग दोन आठवडे आली नाही, तर तिच्या घरी कोण जाणार, त्या माणसाचं नाव काय, आणि त्याचा त्या दिवसाचा पगार कोण देतं? यावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, तर करार पुढच्या महिन्यावर ढकला.