जुन्या गाडीत ट्यूब घालून घेताना समोरून हलू नका

आमची प्रीमियर पद्मिनी १९७९ ची, वडिलांनी घेतलेली. मूळ मापाचे ५.२०-१४ टायर कुठे मिळेनात, म्हणून गेल्या वर्षी साताऱ्यातल्याच एका दुकानातून १४ इंची ट्यूबलेस, म्हणजे एरवी ट्यूबशिवाय चालणारे, रेडियल प्रकारचे टायर बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, "काका, जुन्या डिस्कला ट्यूबच लागते. नवी कोरी घालतो."

त्याचं बोलणं खरं होतं, म्हणूनच मी फसलो. ट्यूबलेसची कड जागेवर धरायला डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी रिमवर, आतून उंचवटा लागतो, तो आमच्या जुन्या डिस्कना नाही. हवा कमी असली तर वळणावर टायरची कड सुटू शकते. तेव्हा ट्यूब घालण्यात चूक काहीच नव्हती. त्याने चार नव्या ट्यूबचे पैसे घेतले, कच्ची पावती दिली, आणि काम होईपर्यंत मी समोर चहाला गेलो.

एप्रिलमध्ये कासहून परतताना यवतेश्वर घाटाचा उतार सुरू व्हायच्या जरा आधी पुढचं डावं चाक एकदम बसलं. स्टिअरिंग जोरात डावीकडे ओढलं. मागे बायको आणि नात. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा बहुधा हळूहळू जाते, पण आतली ट्यूब फाटली की व्हॉल्व्हच्या भोकातून, कडेतून सगळी भसकन निघते. आणखी दोन मिनिटांनी झालं असतं तर आम्ही घाटातल्या वळणावर असतो.

स्टेपनी लावून खाली आलो. पंक्चरवाल्याने टायर उघडला तर आत काजळीसारखी रबराची पूड. टायरच्या आतलं कागदी लेबल काढलेलंच नव्हतं, त्याच्या कडेवर घासून ट्यूब फाटली होती. तिच्यावरची पांढरी पावडर त्याने ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा खाली तीन जुने पॅच दिसले. व्हॉल्व्हजवळ माप छापलेलं: १३. म्हणजे कोणाच्या तरी गाडीतून निघालेली छोटी ट्यूब १४ च्या टायरात ताणून बसवली होती. ताणलेली ट्यूब पातळ पडते, आतल्या आत घासते, तापते.

टायरही नवे नव्हते. टायरच्या बाजूवर छापलेल्या 'डीओटी'च्या ओळीतले शेवटचे चार आकडे १८१७, म्हणजे टायर बनला २०१७ च्या अठराव्या आठवड्यात. हे मी घेतानाच वाचायला हवं होतं.

दुकानदाराने हात वर केले. "पावतीवर माप कुठंय?"

तुमच्याकडे जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर असेल तर ट्यूब खोक्यातून तुमच्या समोर निघू द्या. टायरचंच माप आणि 'रेडियल' हा शब्द तिच्यावर वाचा. टायरच्या आत स्वतः हात फिरवा, लेबल, चरे, खडबडीत काही लागलं तर ते साफ झाल्याशिवाय ट्यूब घालू देऊ नका. पावतीवर माप आणि तो चार आकडी नंबर लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशी उरलेली तीन चाकं उघडून घेतली. त्यातल्या दोन चाकांत १३ चीच ट्यूब निघाली, एकीला पाच पॅच.