रविवार आठ सेंटिमीटरचा: टेबलावरच्या आठवडी प्लॅनरचा अकरा महिन्यांचा अनुभव

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दीडच्या सुमारास, माझं प्लॅनर पॅड सुटलं. मी भरलेली पानं फाडत नाही, मागे उलटवून ठेवतो, कारण उधारी त्यांच्यावरच असते. त्या दिवशी पान उलटवायला गेलो तर वरच्या कडेचा गम लोण्यासारखा मऊ झालेला, आणि जानेवारीपासूनची १९ पानं एकदम हातात आली. तेवढ्यात गेलेली लाइन आली. पंखा फुल्लवर होता. १८ पानं सापडली. एकोणिसावं दिवाळीच्या सफाईत युरियाच्या थप्पीखाली मिळालं, तोवर तिघांनी मला तोंडावर सांगून झालं होतं, "मी त देल्ले ना भाऊ तुले."

आमचं कृषी केंद्र आहे, आर्णी तालुक्यातल्या एका गावात. पॅड ऑनलाइन मागवलं होतं, ३४९ रुपयांना. ज्यांनी हा प्रकार वापरला त्यांना बाकी सांगायला नको: ए-४ आडवं, ५२ पानं, १२० जीएसएमचा म्हणजे जाड कागद, तारखा आपण टाकायच्या, खाली प्यायलेलं पाणी मोजायला पेल्यांची रांग आणि कोपऱ्यात एक सुविचार. सुविचाराबद्दल मी काही बोलत नाही.

कंपनीच्या चॅटवर फोटो टाकले. परतीची मुदत ७ दिवसांची होती, ती केव्हाच संपली होती, हे मला मान्य. पण उत्तर काय आलं, तर "प्रॉडक्ट थंड व कोरड्या जागी ठेवावे." अहो, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. दुकान कोरडं असलं तर थंड नसते, आणि थंड करायला कूलर लावला की कोरडं राहत नाही. दोन्ही एकाच वेळी असलेली जागा गावात कुठे आहे ते त्यांनीच सांगावं. दोन दिवस हुज्जत घातली, शेवटी त्यांनी पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट दिली. म्हणजे मी आणखी ३१४ रुपये घालवायचे.

पण खरं सांगू? गम सुटला नसता तरी माझं त्या पॅडशी जमत नव्हतं. भांडण रविवारावरून होतं.

या पॅडवर सोमवार ते शुक्रवार एकेक उभा रकाना आणि शेवटच्या एका रकान्याचे दोन तुकडे, वर शनिवार, खाली रविवार. मी पट्टी लावून मोजलं. सोमवार १६ सेंटिमीटर, रविवार ८. ज्यानं हे आखलं त्याचा रविवार सुटीचा असणार. आमच्या गावचा बाजार रविवारी भरतो. मजुरांचा चुकारा बाजाराच्या दिवशी, त्यामुळे ज्याच्याकडे पैसा यायचा तो त्याच दिवशी येतो, आणि माझी वसुलीही त्याच दिवशी. सोमवारी माझ्याकडे लिहायला काय असते? "माल मागवणे." रविवारी तीस-चाळीस नावं. आठ सेंटिमीटरमध्ये तीस नावं लिहून बघा. मी समासात लिहिलं, पेल्यांवर लिहिलं, सुविचारावर लिहिलं. बायको म्हणाली, "पान आहे का भिंत?" चार महिने रोज तो रिकामा सोमवार माझ्याकडे पाहून हसत होता असं मला वाटे. एवढं मनाला लावून घ्यायची गोष्ट नाही हे कळत होतं, तरी लावून घेतलं.

म्हणून मे महिन्यातच ठरवलं की आपलं आपण आखायचं. कोऱ्या कागदावर पट्टीनं वारांच्या पानभर रुंद आडव्या ओळी आखून पाच झेरॉक्स काढल्या. माझी पहिली हुशारी अशी की रविवार सगळ्यात वर घेतला आणि मोठा केला. बाजारापासून आठवडा सुरू. तीन आठवडे वापरल्यावर चूक कळली. गावात कोणी "रविवारी देतो" म्हणत नाही, "येत्या बाजाराले देतो" म्हणतात. बुधवारी कोणी शब्द दिला की तो मला पुढच्या पानावर लिहावा लागे, आणि ते पान अजून उघडलेलंच नसे. आठवडाभराचे सगळे वायदे ज्या दिवशी येऊन पडतात तो दिवस पानाच्या शेवटीच पाहिजे. म्हणजे रविवार शेवटी ठेवण्यात कंपनी बरोबर होती. आकार मात्र चुकला होता, त्यावर मी ठाम आहे.

छापायला यवतमाळला गेलो. प्रेसवाला म्हणाला, "ए-४ कायले पाहिजे? कागद वाया जाते." डबल डेमीचा मोठा कागद २३ बाय ३६ इंच. त्याचे बरोबर आठ भाग केले की ९ बाय साडेअकराचा तुकडा निघतो. ए-४ ची लांबी ११.७ इंच, त्यामुळे तो आठ वेळा बसत नाही. सगळे एकाच दिशेनं कापले तर सहाच निघतात आणि बाकी कापण. मी लगेच डेमीवर आलो. कडा कापून साडेआठ बाय अकरा हाती आलं, आणि मला त्यात काहीही कमी पडलं नाही. रेघा काळ्याच शाईत, पण हलक्या टक्क्यानं छापल्या की राखाडी दिसतात, दुसऱ्या रंगाचे पैसे लागत नाहीत. हेही त्यानंच सांगितलं.

प्रूफमध्ये "आर्द्रा" फुटून आलं. मी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवलं होतं, त्याच्याकडे जुना फॉन्ट. शेवटी त्यानं सगळं पुन्हा टाइप केलं.

"आर्द्रा" कशाला, असं विचाराल. आमच्याकडे जुनी माणसं तारीख विचारत नाहीत, "मृग लागला का" विचारतात. सूर्याचं एक नक्षत्र १३-१४ दिवसांचं, म्हणजे साधारण दोन पानांना एक. पावसाळी नक्षत्रांची यादी मी वरच्या पट्टीत बारीक छापून घेतली, त्या आठवड्याच्या नक्षत्राला फक्त गोल करायचा. जून-जुलैत गिऱ्हाईक काउंटरवर वाकून आधी तेच पाहते. आणि प्रत्येक वाराच्या ओळीच्या टोकाला एक छोटा चौकोन ठेवला: "दि" किंवा "रा". शेतीची थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. पाळी बदलली की कोणता शेतकरी सकाळी दुकानात येईल आणि कोण झोपलेला असेल, हे त्या चौकोनावरून समजते. हा चौकोन मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, आणि तो मी शेवटच्या क्षणी टाकला होता.

हजार पानांच्या खाली ऑफसेट छपाई परवडत नाही, म्हणून १००० पानं घेतली. कागद, प्लेट, छपाई, कटिंग मिळून १४५० रुपये. ५३ पानांचे १८ संच झाले, ४६ पानं उरली. ५३ का, तर ३६५ ला ७ नं भागलं की ५२ येऊन १ उरतो, आणि तो एक दिवस मला कुठे तरी लिहावाच लागतो. संच ८० रुपयांना पडला. गमच्या वाटेला गेलोच नाही. ५० रुपयांचं परीक्षेचं क्लिपवालं पॅड घेतलं, पानं त्यात अडकवली. पंखा असो, कूलर असो, क्लिप सुटत नाही.

आता जिथे मी आपटलो ते. कागद ७० जीएसएमचा घेतला, कारण सात दिवस जगणाऱ्या पानाला १२० चा कागद म्हणजे उधळपट्टी, असं मी चार लोकांत बोललो होतो. जुलैत सगळी पानं दमटून वाकली, गिऱ्हाइकाच्या ओल्या हाताखाली सुरकुतली, आणि जेलपेननं लिहिलेलं मागच्या बाजूला उतरलं. कंपनीच्या पॅडवर हे कधी झालं नव्हतं. आता फक्त बॉलपेन वापरतो. कागद चांगला होता हे कंपनीला द्यावंच लागेल; गम वाईट होता.

बाकीचे संच शेजारच्या दोन कृषी केंद्रांना, दूधवाल्याला आणि शाळेच्या गुरुजींना दिले. दूधवाल्याला वार सगळे सारखेच, तो काही बोलला नाही. गुरुजी आठ दिवसांनी आले. "अहो, रविवारी मला सुटी, अन् तुम्ही सहा सेंटिमीटर दिले. सोमवारी परिपाठापासून पोषण आहारापर्यंत सगळं, अन् त्याला पावणेतीन?" त्यांनीही मोजलं होतं. मी त्यांना चहा पाजला.

चहावरून आठवलं. पाण्याचे पेले मी माझ्या पानावरही ठेवले, फक्त ते आता चहाचे आहेत. हॉटेलातून दुकानात जेवढे कट येतात तेवढे पेले खोडायचे, आणि बाजाराच्या दिवशी हिशोब. वर्षानुवर्षं आमचा आणि हॉटेलवाल्याचा आकडा जुळत नव्हता; जानेवारीत, कंपनीच्याच पॅडवर, पहिल्यांदा जुळला. ३४९ रुपयांतली ही एक वस्तू मला फुकट मिळाली असं मी मानतो. अडचण एवढीच की पेले रोजचे आठ, आणि पेरणीच्या दिवसांत कंपन्यांचे प्रतिनिधी आले की आठात भागत नाही.

पुढच्या छपाईत दहा करावे असं मनात होतं. पण प्रेसवाला म्हणतो प्लेट जपून ठेवली आहे, काही बदल नसेल तर प्लेटचे पैसे लागणार नाहीत. कागद ८० जीएसएमचा सांगितला आहे. पेले आठच. नववा मी हातानं काढतो.