गच्चीचा पांढरा रंग: रंगाला पाचपैकी चार, ठेकेदाराला अडीच

आधीच सांगून टाकते, गच्चीला कूल रूफ कोटिंग, म्हणजे ऊन परतवणारा पांढरा रंग, मारलं म्हणून अकोल्यात मे महिन्यात कूलर बंद ठेवता येत नाही. तुम्हाला कोणी तसं सांगत असेल तर त्याला दुपारी दोनला वरच्या खोलीत बसवा.

तरी पैसे वसूल आहेत, कारण फरक पडतो तो रात्री. स्लॅब दिवसभर तापतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. पंखा लावला की गरम वाफच अंगावर यायची. आता जेवणं आटोपेपर्यंत खोली बऱ्यापैकी निवते आणि पहाटे कूलर बंद करता येतो. टिनाच्या घरांना तर फायदा दिवसाच कळतो.

डब्यावर एसआरआय बघून घ्या, म्हणजे ऊन परतवून पृष्ठभाग किती थंड राहतो त्याचा आकडा. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला 0 आणि ठरावीक पांढऱ्याला 100 धरतात, म्हणून 100 च्या वरचा आकडा दिसला तर ती थाप नव्हे. मात्र तो आकडा नव्या, स्वच्छ रंगाचा. आपल्याकडची धूळ बसली की परावर्तन घटतं, त्यामुळे उन्हाळा लागायच्या आधी गच्ची धुवायचीच.

खरी गोम आहे कामात. ठेकेदाराची पोरं झाडू फिरवून थेट प्रायमर ओतायला निघाली होती. मी थांबवलं. काळं शेवाळ तारेच्या ब्रशने घासायला लावलं, भेगा भरून घेतल्या, गच्ची पूर्ण वाळू दिली आणि मगच दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा. टाकीखालचा कोपरा मात्र त्यांनी तसाच रंगवला. तिथे पहिल्याच पावसात पापुद्रे सुटले.

मजुरी धरून 28 रुपये फूट पडले. शेजारच्या काकू दरवर्षी चुन्यात फेविकॉल कालवून मारतात. एकदम स्वस्त, पण पावसात बराचसा धुऊन जातो. भाड्याचं घर असेल तर तेच करा. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफचं धोरण आणलं, त्यातही चुन्यासारखे स्वस्त पर्याय आहेतच.

एक त्रास आहे. दुपारी वर गेलं की डोळे दिपतात, कुरड्या घालताना सासूबाई आता गॉगल लावतात! पण अनवाणी चालता येतं, पूर्वी चपलेतूनही चटका बसायचा.

ठेकेदाराचे शेवटचे चार हजार अडवून ठेवलेत. टाकीखालचं नीट करून दिलं की देईन.