सूज उतरली आणि तिथेच आम्ही फसलो

गणपतीच्या आरतीचा एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. सहा वर्षांचा नातू झांजा धरून उभा आहे आणि त्याचे दोन्ही डोळे इतके सुजलेत, की नुसत्या फटी दिसतात. झोप झाली नाही पोराची, असं आम्ही सगळेच म्हणालो. सकाळी सूज असायची, संध्याकाळी खेळून येईपर्यंत बरीच उतरायची. मी रांजणवाडी समजून लवंग उगाळून लावली. (तेही करू नका, पापणीची कातडी फार नाजूक असते.) रांजणवाडी असती तर पापणीच्या काठावर एकच लाल, दुखरी पुळी आली असती. ॲलर्जी असती तर पोराने डोळे चोळून चोळून लाल केले असते. त्याला खाज नव्हती, दुखत नव्हतं, तापही नव्हता. हे सगळं मला नंतर डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. जवळच्याच एका धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. पन्नास रुपये नोंदणी, बाहेर मोठा फ्लेक्स, त्यावर मोतीबिंदू, काचबिंदू, डोळ्यांची सूज, सगळं विनाऑपरेशन बरं करण्याची हमी. सून म्हणाली, "आई, आधी डॉक्टरांना दाखवू या ना." मीच ऐकलं नाही. लहान जिवाला कशाला इंजेक्शनं, असं माझ्या मनात होतं.

पांढरा कोट घातलेल्या त्या माणसाने पोराच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि म्हणाला, "माताजी, आँखों में गर्मी बैठ गई है. इक्कीस दिन में जड़ से निकल जाएगी." डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बाटली आणि एकवीस पुड्या मिळून चार हजार दोनशे रुपये. बाटलीवर कमळाचा छाप सोडला तर काही नव्हतं. औषधाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. पावती मागितली तर म्हणाला, "सेवा की रसीद नहीं होती." वर दम दिला, की डॉक्टरची गोळी पोटात गेली तर आमच्या औषधाचा गुण मरेल. आता कळतं, तो दम त्याच्या स्वतःच्या बचावासाठी होता.

आणि दुसऱ्या आठवड्यात सूज खरंच उतरली! मी देवापुढे साखर ठेवली, ओळखीच्या तीन घरांना त्या शिबिराचा पत्ता दिला. त्या तीन घरी नंतर मी स्वतः जाऊन सावध करून आले. पुड्या संपल्यावर आणखी एकवीस घेतल्या, पुन्हा चार हजार दोनशे. दिवाळीत पोरगं सारखं खायला मागायचं, गाल गोल झाले होते. आम्ही म्हणालो, अंग धरतोय.

दुसऱ्या पुड्या संपत आल्या तेव्हा धर्मशाळेच्या त्या खोलीला कुलूप होतं आणि फोन बंद. चार पुड्या तेवढ्या उरल्या, त्याही मी जपून ठेवल्या आणि औषध थांबलं. दहा दिवसांत सूज परत आली, या वेळी पायांवर आणि पोटावरही. मोजा काढला की नडगीवर त्याचा वळ तसाच राहायचा. सुनेने पाहिलं, लघवीला साबणासारखा फेस येतोय. त्या दिवशी तिने मला विचारलं नाही, पोराला उचललं आणि बालरोगतज्ज्ञांकडे नेलं.

लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, चार प्लस, म्हणजे खूपच जास्त. निदान, नेफ्रोटिक सिंड्रोम. दुखणं डोळ्यांचं नव्हतंच, मूत्रपिंडाचं होतं. मूत्रपिंडाची चाळणी गळायला लागते, रक्तातलं प्रथिन लघवीवाटे निघून जातं आणि पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं. पापण्यांखालची कातडी पातळ आणि सैल, म्हणून ते आधी तिथे दिसतं. रात्री आडवं झोपल्यावर चेहऱ्यावर, दिवसभर उभं राहिल्यावर पायांत. लहान मुलांत, त्यातही मुलग्यांत, हे जास्त आढळतं.

डॉक्टरीणबाईंनी त्या उरलेल्या पुड्या मागवल्या. टेबलावर कागद पसरून एक उघडली. पिवळट चूर्णात पांढरे कण होते, दळलेल्या गोळीसारखे. सुनेने एक कण जिभेला लावला. कडू जहर. बाईंना स्टेरॉइडची, म्हणजे सूज झपाट्याने उतरवणाऱ्या जोरकस औषधाची, दाट शंका आली. वाढलेली भूक, गोल गाल, उतरून परत आलेली सूज, सगळं त्याच्याशी जुळत होतं. मी म्हटलं, मग या आजाराचं औषध काय? त्या म्हणाल्या, "स्टेरॉइडच. पण वजनाप्रमाणे मोजून, बी.पी. बघत, आणि आधी कुठे जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहून." सहा आठवडे रोज, पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड. मध्येच सोडायचं नाही. थेंबांत स्टेरॉइड असेल आणि ते महिनोन्महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. ज्याच्या फ्लेक्सवर काचबिंदू बरा करण्याची हमी होती, त्याच्याच बाटलीबद्दल मी हे ऐकत होते.

काचबिंदू, मोतीबिंदू बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा माहीत असतं तर फ्लेक्सपाशीच थांबले असते. फ्लेक्सचा फोटो आणि दोन पुड्या जोडून औषध निरीक्षकांकडे अर्ज दिला आहे.

एकाच डोळ्याला सूज, लाली, ताप, बुबुळ हलवताना दुखणं किंवा अंधुक दिसणं असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि मुलाचे दोन्ही डोळे रोज सकाळी न दुखता सुजत असतील, तर आधी लघवी तपासून घ्या. खर्च त्या एका पुडीपेक्षा जास्त आला नाही आम्हाला.

पोराला आता बरं आहे. सूज असेपर्यंत शेव, पापड, लोणचं बंद होतं. इंदूरच्या घरात ते किती अवघड, इथल्यांना सांगायला नको. हा आजार उलटतो, म्हणून सून रोज सकाळी त्याची लघवी पट्टीने तपासून वहीत लिहिते. तुमच्याही घरी अशा पुड्या चालू असतील तर फेकून देऊ नका आणि एकदम बंदही करू नका. पुड्या बरोबर घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस दिल्या ते न लपवता सांगा.