परदेशात ई-सिम: नेट एका लाइनवर, ओटीपी दुसऱ्या लाइनवर

परदेशात नेटसाठी प्रवासी ई-सिम वापरायला लागून मला आता वर्ष होत आलं. कामासाठी जर्मनी, सुट्टीत स्वित्झर्लंड, आई-बाबांना घेऊन जपान आणि मध्ये व्हिएतनाम, एवढ्या ठिकाणी ते वापरून झालं. माझं मत पक्कं आहे: घ्यावं. मात्र बहुतेक जण सांगतात ते 'स्वस्त नेट' हे कारण मला दुय्यम वाटतं. आपला भारतातला नंबर फोनमध्ये चालू ठेवून नेट दुसरीकडून घेता येतं, ही खरी सोय आहे, आणि ती नीट जमवण्यासाठी काही गोष्टी निघायच्या आधीच कराव्या लागतात.

ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ई-सिमची चिप फोनमध्ये आधीच बसवलेली असते. कंपनी क्यूआर कोड पाठवते, तो स्कॅन केला की सिमची माहिती तिच्या सर्व्हरवरून फोनमध्ये उतरते. आपल्या फोनमध्ये ही चिप आहे का हे बघायला *#०६# डायल करायचं. आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला तर आहे. फोन एखाद्या कंपनीला बांधलेला, म्हणजे लॉक केलेला नाही ना, तेही बघा. अमेरिकेतून मुलांनी पाठवलेले फोन आपल्याकडे घरोघरी आहेत आणि हप्त्यावर घेतलेले असतील तर ते लॉक असू शकतात. शिवाय अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनना सिमची खाचच नाही. अशा फोनमध्ये भारतातला नंबरसुद्धा ई-सिमवरच घ्यावा लागतो.

इथे एक फार महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी त्या नंबरचे एसएमएस २४ तास बंद ठेवतात, येणारेही आणि जाणारेही. नियम चांगलाच आहे. पण निघायच्या आदल्या रात्री भारतातला नंबर साध्या सिमवरून ई-सिमवर नेला, तर पुढचा अख्खा दिवस बँकेचा ओटीपी येणार नाही, आणि तो दिवस नेमका विमानतळांवर जाणार. हे काम आठवडाभर आधी उरका.

आता माझी मांडणी सांगते. फोनमध्ये दोन लाइन. भारतातली लाइन चालू, पण तिचं डेटा रोमिंग बंद. ई-सिमची लाइन चालू आणि तिचं डेटा रोमिंगही चालू. हे दुसरं ऐकून लोक दचकतात, कारण 'रोमिंग चालू ठेवलं की बिल येतं' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण बहुतेक प्रवासी ई-सिम तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात आणि तुम्ही गेलेल्या देशात तीही पाहुणीच असतात. त्यांचं रोमिंग बंद ठेवलं तर रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि नेट मात्र चालत नाही. ग्रुपवर 'ई-सिम चालत नाही' म्हणून जे मेसेज येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं उत्तर हे एवढंच असतं. तरीही चालत नसेल तर कंपनीने पाठवलेलं एपीएन, म्हणजे नेट जोडण्यासाठी सेटिंगमध्ये भरायचं नाव, हाताने भरून बघा. आयफोनमध्ये एका लाइनचं नेट कमजोर झालं की दुसरीकडून घेण्याची सोय आहे, ती मी बंदच ठेवते.

भारतातल्या लाइनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग मात्र निघण्याआधी सुरू करून घ्यायचं. पॅक घेतला नाही तरी चालतं, सेवा सुरू हवी. माझ्या कंपनीत परदेशात येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, तुमच्याकडे काय आहे ते विचारून घ्या. पॅक नसेल तर आलेला फोन उचलायला मात्र पैसे पडतात. घरच्यांना तेवढं सांगून ठेवायचं की व्हॉट्सॲपवरच फोन करा. व्हॉट्सॲप भारतातल्या नंबरवरच चालू राहतं, त्याला हात लावावा लागत नाही.

ही मांडणी किती उपयोगाची आहे हे स्वित्झर्लंडमध्ये कळलं. तिथे रेल्वेच्या ॲपवरून तिकीट काढताना भारतीय कार्डाला ओटीपी लागला, आणि तो आला. लाउटरब्रुनेनच्या फलाटावर, गाडी समोर उभी असताना आला! एकाच सिमचा फोन असताना मी भारतातलं सिम काढून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवत असे आणि अशा वेळी कोणाची तरी मदत मागावी लागे. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधीच चालू करून ठेवा; २०२० पासून तो आपल्याला स्वतः सुरू करावा लागतो. बँकेची आणि यूपीआयची ॲप फोनमध्ये नोंदवलेलं सिम आहे का हे तपासत असतात, म्हणून प्रवासात भारतातली लाइन 'बॅटरी वाचते' म्हणूनसुद्धा बंद करू नका. ॲपने पुन्हा पडताळणी मागितली तर तिला भारतातल्या नंबरवरून एसएमएस पाठवावा लागतो, आणि परदेशातून ते पैशांचंही काम आहे आणि बेभरवशाचंही. व्हिएतनामला जाताना ग्रॅबसारखं टॅक्सीचं ॲपही इथूनच आपल्या नंबरवर नोंदवून ठेवलं होतं. हनोईच्या विमानतळाबाहेर पडल्या पडल्या गाडी बोलावता आली.

आता नेटच्या दर्जाबद्दल. विकणारे जीबी आणि दिवस मोठ्या अक्षरांत लिहितात. मी मात्र आता आधी बघते ते हे, की त्या देशात ही ई-सिम कोणत्या कंपनीच्या टॉवरवर चालणार. स्वित्झर्लंडमध्ये स्विसकॉम, सनराइज आणि सॉल्ट अशी तीन नेटवर्क आहेत. माझ्या पहिल्या प्लॅनला त्यांतल्या एकाचीच परवानगी होती. शहरात काही जाणवलं नाही. डोंगरात चढल्यावर सोबतच्या लोकांचे फोन चालायचे आणि माझा रेंज शोधत बसायचा. पुढच्या वेळी एकाहून जास्त नेटवर्क असलेला प्लॅन घेतला आणि रेंज गेली की सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक' काढून दुसरं नेटवर्क हाताने निवडलं. फरक ताबडतोब दिसला. थोडे जास्त पैसे गेले, पण डोंगरात जाणार असाल तर ते द्यावेत असं मी ठामपणे सांगेन.

'युरोप' या शब्दावरही विसंबू नका. युरोपीय संघात जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्यात घरच्याच दराने चालतं, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही आणि ब्रिटनही आता नाही. काही युरोप प्लॅनमध्ये हे दोन्ही देश असतात, काहींत नसतात. आपल्याकडच्या बहुतेक युरोप सहलींत स्वित्झर्लंड असतंच, तेव्हा प्लॅनची देशांची यादी उघडून ते नाव डोळ्यांनी बघा. फक्त जर्मनीचा प्लॅन घेऊन स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गाडीत बसलात, तर सीमेनंतर नेट संपलं.

दुसरी बाब सहसा कोणी सांगत नाही. तुमचं नेट बाहेर कुठे पडतं? टोकियोत बसून मी एखादं संकेतस्थळ उघडते, तेव्हा ती मागणी आधी सिमच्या मूळ कंपनीच्या देशात जाऊ शकते आणि तिथून इंटरनेटवर निघते. माझ्या जपानच्या प्लॅनचं नेट सिंगापूरमधून निघत होतं. टोकियो ते सिंगापूर पाच हजार किलोमीटरच्या वर! नकाशा, मेसेज, फोटो यांत ते कळतही नाही. व्हिडिओ कॉलवर मात्र बोलणं आणि उत्तर यांत किंचित अंतर पडतं. ऑफिसच्या मीटिंगसाठी मी हॉटेलचं वायफायच वापरलं. शिवाय संकेतस्थळांना तुम्ही सिंगापूरमध्ये दिसता, त्यामुळे बँकेची वेबसाइट कधी जास्तीचे प्रश्न विचारते, आणि भारतातली काही सरकारी संकेतस्थळं परदेशातून उघडत नाहीत ती इथूनही उघडत नाहीत. उलट भारतातल्या कंपनीच्या रोमिंग पॅकवर नेट सहसा भारतातूनच बाहेर पडतं. सहलीच्या मध्यात असं एखादं सरकारी काम येणार असेल, तर एका दिवसाचा रोमिंग पॅक घेणं हा चांगला उपाय आहे.

याच कारणाने चीनमध्ये प्रवासी ई-सिम फार कामाला येते. ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला आमच्या ओळखीतले पुण्याचे आणि इचलकरंजीचे बरेच उद्योजक जातात. तिथल्या स्थानिक सिमवर आणि हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. बाहेरच्या देशाच्या ई-सिमवर नेट चीनबाहेरून निघतं, म्हणून चालतात.

आई-बाबांबरोबरच्या जपानच्या सहलीबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण ज्येष्ठांसाठी ही सोय सगळ्यात मोलाची आहे. शिंजुकूसारख्या स्टेशनात माणूस एका दरवाजाने चुकला तर वेगळ्याच गल्लीत निघतो. दोघांच्याही फोनमध्ये स्वतंत्र ई-सिम होती आणि लोकेशन आम्ही एकमेकांना पाठवून ठेवलं होतं. एकाच्या हॉटस्पॉटवर सगळ्यांनी चालवायचं ही काटकसर अशा वेळी करू नये. बाबा एकदा दुसऱ्या दरवाजाने बाहेर पडले, तर त्यांनी शांतपणे फोन करून समोरच्या दुकानाचा फोटो पाठवला. त्यांचा प्लॅन १० जीबीचा, ३० दिवसांचा होता आणि त्यातलं अर्धंही संपलं नाही. नकाशा आणि मेसेजला फार डेटा लागत नाही. खातात ते व्हिडिओ आणि फोटोंचा बॅकअप. बॅकअप फक्त वायफायवर ठेवायचा.

ज्येष्ठांच्या फोनमध्ये ई-सिम घरीच, आपल्या वायफायवर बसवून द्या. बसवायलाही नेट लागतं हे विसरायला नको. कोड त्याच फोनवर आला असेल तर तो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करता येत नाही. कागदावर छापून घ्या किंवा दुसऱ्या फोनवर उघडा. आणि ई-सिम 'बंद करणं' आणि 'काढून टाकणं' यांतला फरक त्यांना नीट समजावून सांगा. बहुतेक कोड एकदाच वापरता येतात, काढून टाकलेली ई-सिम त्याच कोडने परत येत नाही. प्लॅनचे दिवस कधीपासून मोजतात हेही विकत घेण्याआधीच वाचा: काहींचे बसवल्यापासून, काहींचे त्या देशातलं नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यापासून. मी दुसऱ्या प्रकारचेच घेते.

'अमर्यादित' प्लॅन मला आवडले नाहीत. एक घेऊन पाहिला. दिवसाचा ठरावीक डेटा झाला की वेग इतका पडायचा की नकाशासुद्धा उमटायचा नाही, आणि हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा होती. हे सगळं अटींमध्ये लिहिलेलं असतं, पण दिलेल्या पैशांच्या मानाने हाती काही आलं नाही. जीबी मोजून घेतलेला प्लॅन जास्त प्रामाणिक वाटतो.

कुठून घ्यायचं हा प्रश्न भारतात थोडा वेगळा आहे. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय यांची ॲप इथल्या ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून हटवली गेली. म्हणून मी प्रमाणपत्र असलेल्या भारतातल्या विक्रेत्याकडून घेते. तिथे पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत द्यावी लागली, जरा वेळ गेला, पण अडचण आली तेव्हा मराठी-हिंदीत बोलणारा माणूस फोनवर मिळाला. आई-बाबा सोबत असताना मला ते हवंच होतं.

दोन उणिवा राहतात. बहुतेक प्रवासी ई-सिमला फोन नंबर नसतो, नुसतं नेट मिळतं. क्योतोतल्या एका छोट्या उपाहारगृहात जागा राखायला फोनच करावा लागत होता, तेव्हा हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी तो करून दिला. आणि दोन लाइन चालू असल्या की बॅटरी लवकर उतरते, पॉवर बँक जवळ हवीच.

जर्मनीची ई-सिम मी परत आल्यावर काढून टाकली नाही, नुसती बंद करून ठेवली. तिला पुन्हा रिचार्ज करता येतं. एप्रिलमध्ये हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाला जायचं ठरलं तर नवा कोड न घेता तीच वापरेन.