वन-पीस की टू-पीस? स्टोमाची पिशवी घेण्यापूर्वी

हॉस्पिटलमधून सोडताना हातात दिलेल्या चार-पाच पिशव्या बघता बघता संपतात आणि मग घरातलं कुणीतरी मेडिकलच्या काउंटरवर जाऊन उभं राहतं. दुकानदार विचारतो, ‘वन-पीस देऊ की टू-पीस?’ माझ्या नवऱ्याने तेव्हा ‘चांगली असेल ती द्या’ असं सांगितलं होतं. बिचारा दुसरं काय सांगणार! माझी इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढायचं ऑपरेशन, होऊन आता सहा वर्षं झाली. पोटावरच्या त्या तोंडालाच स्टोमा म्हणतात; मल तिथून पिशवीत येतो. दोन्ही प्रकार वापरून झालेत, आणि ठाण्यात कुणाला नव्याने स्टोमा झाला की ओळखीतून फोन येतो तो बहुतेक याच प्रश्नासाठी.

वन-पीसमध्ये पोटाला चिकटणारी चकती आणि पिशवी एकसंध असतात. काढायची तर सगळंच निघतं. टू-पीसमध्ये चकती, म्हणजे फ्लँज, पोटावरच राहतो आणि पिशवी त्याच्या कड्यावर डब्याच्या झाकणासारखी दाबून बसवायची. खालून उघडणारी पिशवी दोन्हींत मिळते, आणि ती एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची, हा नियमही दोन्हींना सारखाच.

सगळ्यात आधी कातडीचा विचार करा. स्टोमाला स्वतःला वेदना कळत नाही, पण भोवतालच्या कातडीला सगळं कळतं. इलिओस्टोमीतून येणारा मल पातळ असतो, त्यात पाचकरस असतात, आणि तो कातडीवर साचला तर भाजल्यासारखी आग होते. शिवाय चकती ओढून काढली की दर वेळी कातडी सोलवटते. म्हणून ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना मी टू-पीस सुचवते. माझा फ्लँज थंडीत चार दिवस टिकतो. मे-जूनच्या घामात तिसऱ्या दिवशीच कडा सुटायला लागतात. खालून उघडणारी वन-पीससुद्धा दोन-तीन दिवस ठेवता येते, त्यामुळे फरक दुकानदार सांगतात तितका मोठा नाही. टू-पीसची खरी सोय वेगळीच आहे. वरची कड जराशी उचलून गॅस सोडता येतो, पिशवी काढून स्टोमा नीट बघता येतो, लग्नकार्याला जाताना लहान पिशवी लावता येते.

पण ते कडं नीट बसलंच पाहिजे. एकदा मी घाईत वरून दाबलं, खालच्या बाजूने बोट फिरवायचं राहिलं. ठाण्याहून वाशी लोकलमध्ये चढले, ऐरोली सोडलं आणि पोटावर ओलं लागलं. लेडीज डब्यात खचाखच गर्दी. शेजारच्या बाईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही न विचारता आपली ओढणी काढून माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि रबाळेला माझ्याबरोबर उतरली. तिचं नाव विचारायचं राहिलं, ते आजही मनाला लागतं. तेव्हापासून कडं लावलं की मी खालून वर असं पूर्ण गोल बोट फिरवते, ‘खट्ट’ ऐकते, आणि पिशवी हलकेच ओढून बघते.

हे ‘खट्ट’ करायला बोटांत जोर लागतो. खारघरच्या एका काकांना कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा, आहे, संधिवाताने बोटं आखडलीत. त्यांना टू-पीस घ्यायला लावणं म्हणजे रोजची परीक्षा. ते वन-पीस वापरतात. काकू रविवारी दुपारी पुढच्या तीन पिशव्यांच्या चकत्यांना स्टोमाच्या मापाची भोकं कापून ठेवतात. लावण्याआधी काका पिशवी पाच मिनिटं काखेत धरतात, म्हणजे चिकटणारा भाग उबेने मऊ होतो. ऑफिसला शर्ट इन करून जाणाऱ्यांनाही वन-पीस बरी; कड्याचा फुगवटा कपड्यातून दिसत नाही.

भोकाबद्दल दोन्ही प्रकारांत एकच सावधगिरी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आकसत जातो. तेवढे दिवस दर आठवड्याला माप घ्या आणि स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. आधीच दहा कापून ठेवू नका. आंघोळीनंतर पोटाला तेल किंवा क्रीमही नको, मग काहीच चिकटत नाही.

खर्चाचा हिशेब एका पिशवीच्या किमतीवर करू नका, आठवड्यावर करा: किती फ्लँज लागले, किती पिशव्या लागल्या. टू-पीसमध्ये आणखी एक घोळ होतो. फ्लँज आणि पिशवीचा आकार जुळावा लागतो. काही कंपन्यांत ५७ मिलिमीटरचं कडं असतं, काहींत ५० किंवा ६०. एकाची पिशवी दुसऱ्याच्या फ्लँजवर बसवायच्या फंदात पडू नका. ठाण्यातल्या एका दुकानाने मला अशी न जुळणारी अख्खी पेटी दिली होती आणि परत घ्यायला नकार दिला. म्हणून पेटी घेण्याआधी एकच घ्या, चार दिवस लावून बघा, कंपनीच्या माणसाकडे नमुना मागा.

स्टोमा पोटाच्या पातळीत किंवा आत गेलेला असेल तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून आधी स्टोमा नर्सला दाखवा. बहुधा उंचवट्याची, म्हणजे कॉन्व्हेक्स, चकती लागते आणि ती दोन्ही प्रकारांत मिळते. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाही मुंबईतच आहे. लाजू नका, तिथल्या लोकांनी रोज हेच पाहिलेलं असतं.

आम्ही पाच-सहाजणी जमेल तेव्हा मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर भेटतो. कुणाला वन-पीस मानवली नाही तर तिचे न उघडलेले नग दुसरीकडे जातात, मुदत बघून. मागच्या महिन्यात कोपरखैरण्याची एक नवी मुलगी आली होती. तिने तासभर काहीच विचारलं नाही. निघताना हळूच म्हणाली, ‘ताई, ड्रेसवर हात ठेवून बघू का, कडं कुठे येतं?’ मी तिचा हात धरून ठेवला. तिने पुढच्या आठवड्यात टू-पीसचे दोन फ्लँज आणि तीन पिशव्या घेतल्या. बदलायला सकाळची, चहाच्याही आधीची वेळ धर, असं मी तिला सांगितलंय; पोट रिकामं असताना इलिओस्टोमी सगळ्यात शांत असते.