प्रेडनिसोलोन सिरप: औषध खात्रीचं, मापात मात्र घोळ

नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणजे मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिनं गळून अंगावर सूज येण्याचा आजार. तो झालेल्या बहुतेक मुलांच्या लघवीतली प्रथिनं प्रेडनिसोलोन या स्टिरॉइड औषधाने चार आठवड्यांत थांबतात. त्यामुळे गुणाबद्दल तक्रार नाही. तक्रार बाटलीची आहे.

सिरप दोन प्रकारचं मिळतं. साधं, म्हणजे 5 मिलीत 5 मिग्रॅ, आणि फोर्ट, म्हणजे 5 मिलीत 15 मिग्रॅ. आजाराच्या पहिल्या खेपेला रोज वजनाच्या किलोमागे 2 मिग्रॅ, जास्तीत जास्त 60. बारा किलोच्या पोराला 24 मिग्रॅ बसतात: फोर्ट 8 मिली, साधं 24 मिली. इतकं कडवट औषध पोटात जाणार कसं? म्हणून फोर्टच बरं. पण पावसात घाट बंद पडला की गावातल्या मेडिकलमध्ये फोर्ट नसतं, साधं हातात येतं आणि घरी 8 मिलीच चालू राहतं. डोस एक तृतीयांश, सूज परत. उलट अदलाबदल झाली तर तिप्पट! चिठ्ठीवर मिग्रॅ लिहून घ्या, झाकणाऐवजी सुई काढलेल्या सिरिंजने मापा.

डोस जास्त झाला की वागणं आधी बदलतं. झोप उडते, चिडचिड, आदळआपट, मारामारी, मध्येच रडू. योग्य डोसातही हे होतं आणि डोस उतरला की बहुधा निवळतं. हा पोराचा हट्ट नव्हे, कृपा करून हात उगारू नका. सगळा डोस सकाळी पेज खाऊन झाल्यावर द्यावा. संध्याकाळी दिला तर रात्र जागून काढावी लागते. भास होऊ लागले तर लगेच डॉक्टरांना कळवा.

डोकेदुखी मात्र थांबून बघायची गोष्ट नाही. सोबत उलटी, धूसर दिसणं किंवा झटका (फिट) असेल तर रक्तदाब चढून मेंदूला सूज आलेली असू शकते. या आजारात मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळीही होऊ शकते. थेट रुग्णालय गाठा. रक्तदाब लहान मुलांच्या कफनेच (दंडाला बांधायच्या पट्ट्यानेच) मोजायला सांगा, मोठ्यांचा कफ आकडा कमी दाखवतो. अंगावर सूज असेतो सुका बोंबील, खारवलेली मासळी, लोणचं ताटात नको. डोस उतरवताना डोकं दुखून एकाचे दोन दिसू लागले, तर डोक्यातला दाब वाढलेला असू शकतो, तेव्हाही तीच घाई.

काही आठवडे घेतलेलं औषध एकदम तोडलं तर मूल गळून, सुस्त पडतं, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. म्हणून मृगाआधी त्याच ताकदीची एक जादा बाटली घरात असू द्या.